क्लेअर, एलिझाबेथ द

क्लेअर, एलिझाबेथ द : (१६ सप्टेंबर १२९५–४ नोव्हेंबर १३६०). मध्ययुगीन इंग्लंडमधील एक अतिश्रीमंत सरंजामदार स्त्री, पहिल्या एडवर्ड राजाची नात आणि केंब्रिज येथील क्लेअर कॉलेजची आश्रयदाती. तेराव्या वर्षी तिचा पहिला विवाह झाला, सतराव्या वर्षी ती विधवा झाली आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत तिने तीन पती गमावले. या तिन्ही संसारांचा एकत्रित काळ जेमतेम दहा वर्षांचा भरतो. उरलेली अडतीस वर्षे तिने विधवा म्हणून काढली आणि तिचे खरे कर्तृत्व या काळातलेच आहे. तिच्या घरखर्चाचे व जमीनजुमल्याचे हिशेब फार मोठ्या प्रमाणावर टिकून राहिल्यामुळे चौदाव्या शतकातील इंग्रज सरदार घराण्यातील स्त्रीच्या जीवनाची जेवढी तपशीलवार माहिती तिच्याविषयी मिळते, तेवढी तिच्या समकालीन स्त्रियांपैकी फार थोड्यांविषयी मिळते.

एलिझाबेथ ही ग्लॉस्टर व हर्टफर्डचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर आणि राजकन्या जोन यांची धाकटी मुलगी. तिचा जन्म ट्यूक्सबरी येथे झाला. तांबड्या केसांमुळे ‘रेड’ म्हणून ओळखला जाणारा हा गिल्बर्ट तिच्या जन्मानंतर तीन महिन्यांच्या आतच, ७ डिसेंबर १२९५ रोजी वारला. पहिला एडवर्ड धर्मयुद्धावर गेला असता पॅलेस्टाइनमधील एकर येथे १२७२ मध्ये जोनचा जन्म झाला होता; म्हणून ती ‘जोन ऑफ एकर’ या नावाने प्रसिद्ध आहे. क्लेअर घराण्याचा मुलूख सफकमधील क्लेअरपासून ग्लॉस्टरशर, केंट, दक्षिण वेल्स आणि आयर्लंडपर्यंत विखुरलेला होता व राजघराणे वगळता त्याच्या तोडीची घराणी इंग्लंडमध्ये मोजकीच होती. १२९० मध्ये आपली मुलगी देताना एडवर्डने मोठा धूर्त करार केला. गिल्बर्टने आपल्या सर्व जमिनी राजाच्या स्वाधीन केल्या आणि राजाने त्या पतिपत्नींच्या संयुक्त नावावर, पुढे त्यांच्या संततीकडे जाव्यात अशा अटीवर परत दिल्या. त्यामुळे गिल्बर्टच्या मृत्यूनंतर सगळी जहागीर जोनच्या हाती राहिली. राजाने तिचा पुनर्विवाह सव्हॉयच्या काउंटशी ठरविला. पण १२९७ च्या सुमारास तिने आपल्या पतीच्या पदरच्या राल्फ द मंथर्मर या साध्या स्वाराशी गुपचूप लग्न उरकले. राजाने संतापून राल्फला तुरुंगात टाकले. अर्लने गरीब स्त्रीशी लग्न केले तर कोणी नावे ठेवीत नाही, मग काउंटेसने एका शूर तरुणाला वर आणले तर त्यात लाज कसली, असा सवाल तिने बापाला केल्याचे एका बखरकाराने नमूद केले आहे. अखेर राजा नमला आणि जोनच्या हयातीत राल्फ अर्ल म्हणवला गेला. जोन १३०७ मध्ये मरण पावली. आईने मुलीपुढे ठेवलेले हे उदाहरण एलिझाबेथच्या दुसऱ्या विवाहाचा विचार करताना विसरता येत नाही.

हा चरित्रक्रम समजण्यासाठी तत्कालीन इंग्रज कायद्यातील काही संकल्पना लक्षात घ्याव्या लागतात. थेट राजाकडून जमीन धारण करणाऱ्या सरदाराच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाला संपूर्ण वारसा मिळे. परंतु मुलगा नसल्यास थोरली–धाकटी असा भेद न करता सर्व मुलींमध्ये किंवा बहिणींमध्ये जमीन समान वाटली जाई. विवाहित स्त्रीची जमीन पतीच्या ताब्यात जाई. त्या विवाहातून एकही मूल जिवंत जन्मले, तर पत्नीच्या मृत्यूनंतरही पती ती जमीन आपल्या मरणापर्यंत उपभोगू शके. उलट विधवेला पतीच्या जमिनींपैकी एक तृतीयांश हिस्सा हयातीपुरता मिळे. त्याला ‘डॉवर’ म्हणत. आपल्याकडील स्त्रीधनाप्रमाणे यात मालकी नव्हती, केवळ उपभोगाचा हक्क होता. लग्नाच्या वेळी किंवा नंतर एखादी जमीन पतिपत्नींच्या संयुक्त नावावर करून दिलेली असल्यास (‘जॉइंचर’) ती मात्र विधवेकडे सबंध राही. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने विधवेला बळजबरीने विवाह करायला लावता येणार नाही असे वचन दिले होते. पण राजाच्या संमतीवाचून तिने विवाह करू नये, ही अटही त्याच कलमात होती. म्हणजे नकार देण्याचा हक्क तिला होता, निवडीचा नव्हता. मोठ्या वारसदार स्त्रीच्या बाबतीत तर नकाराचा हक्कही कागदावरच राही, हे एलिझाबेथच्या अनुभवावरून दिसते.

तिचा पहिला विवाह ३० सप्टेंबर १३०८ रोजी वॉल्टम मठात अल्स्टरचा अर्ल रिचर्ड द बर्ग याचा मुलगा जॉन याच्याशी झाला. त्याच सुमारास तिचा भाऊ गिल्बर्ट याने जॉनची बहीण मॉड हिच्याशी लग्न केले. हे सरळसरळ साटेलोटे होते. मॉड ही एलिझाबेथची भावजय आणि नणंद अशी दोन्ही झाली. वर्षभराने एलिझाबेथ आयर्लंडला गेली. सप्टेंबर १३१२ मध्ये तिला विल्यम हा मुलगा झाला. पुढच्याच वर्षी १८ जून रोजी जॉन गॉलवे येथे मरण पावला. तो बापाआधी गेल्यामुळे अर्ल झालाच नाही, परंतु त्याच्या व तिच्या संयुक्त नावावर असलेल्या आयर्लंडमधील जमिनी तिच्याकडे राहिल्या. या घटकेस ती एक मध्यम ऐपतीची तरुण विधवा होती. तिच्याविषयी इंग्लंडच्या दरबारात कोणाला फारसे कुतूहल असण्याचे कारण नव्हते.

हे सर्व २४ जून १३१४ या एका दिवसात पालटले. स्कॉटलंडमधील बॅनकबर्नच्या लढाईत तिचा भाऊ गिल्बर्ट मारला गेला. तो अवघा तेवीस वर्षांचा होता आणि त्याच्यामागे मूल नव्हते. सहा हजार पौंडांहून अधिक वार्षिक उत्पन्नाची क्लेअर घराण्याची जहागीर आता एलिनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ या तीन सख्ख्या बहिणींत वाटली जाणार होती. मात्र वाटणी लगेच झाली नाही, कारण गिल्बर्टची विधवा मॉड हिने आपण गरोदर असल्याचे सांगितले. गर्भधारणेचा हा दावा नऊ महिने उलटून गेले, वर्ष उलटले, दोन वर्षे उलटली, तरी चालूच राहिला आणि राजाच्या न्यायाधीशांनी तो गंभीरपणे विचारात घेतला. वाटणी लांबणीवर टाकणे हे दुसऱ्या एडवर्डच्या सोयीचे होते. तोवर जमिनी त्याच्या अधिकाऱ्यांकडे राहत होत्या. थोरल्या एलिनॉरचा पती धाकटा ह्यू डिस्पेन्सर मात्र आपल्या हिश्श्यासाठी सारखा तगादा लावीत होता. मधली मार्गारेट ही राजाचा पहिला आवडता पीअर्स गॅव्हस्टन याची विधवा होती. धाकटी एलिझाबेथ आयर्लंडमध्ये होती. या दोन विधवा बहिणींचे विवाह कोणाशी होतात, यावर जहागिरीचा दोन तृतीयांश भाग कोणाच्या हाती जाणार हे अवलंबून होते. दुसरा एडवर्ड हा तिघींचा सख्खा मामा होता. त्याने एलिझाबेथला इंग्लंडला बोलावून ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवले.

याच किल्ल्यातून ४ फेब्रुवारी १३१६ रोजी तिला थीओबॉल्ड द व्हर्डन याने नेले व तिच्याशी विवाह केला. थीओबॉल्ड काही काळ आयर्लंडचा जस्टिशिअर म्हणजे राजाचा मुख्य प्रशासक होता. पहिल्या पत्नीपासून त्याला तीन मुली होत्या. राजाच्या वतीने हे अपहरण असल्याचा आरोप संसदेत ठेवण्यात आला. थीओबॉल्डने राजाची क्षमा मागितली, पण अपहरण नाकारले : आयर्लंडमध्येच आपला वाङ्‌निश्चय झाला होता आणि ती आपण होऊन किल्ल्याबाहेर आपल्याकडे आली, असे त्याचे म्हणणे होते. खरे काय, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तत्कालीन कागदपत्रांत ‘अपहरण’ हा शब्द स्त्रीच्या संमतीशी निगडित नसून तिच्यावर ज्याचा ताबा असेल त्याच्या संमतीशी निगडित असतो. स्वखुशीने पळून गेलेली व बळजबरीने पळवून नेलेली या दोघींची नोंद लेखनिक एकाच शब्दाने करतो. राजाच्या किल्ल्यातून, पहारा असताना, एका परिचित माणसाबरोबर ती बाहेर पडली, ही वस्तुस्थिती आणि आईचा वारसा लक्षात घेता तिची संमती असावी असे मानण्याकडे कल होतो. थीओबॉल्डलाही तिच्या हिश्श्याची कल्पना होतीच. परंतु त्यामुळे तिची इच्छा नव्हती असे सिद्ध होत नाही.

हा संसार सहा महिनेही टिकला नाही. थीओबॉल्ड २७ जुलै १३१६ रोजी स्टॅफर्डशरमधील ऑल्टन येथे मरण पावला. एलिझाबेथ पुन्हा विधवा झाली आणि ती गरोदर होती. तिने एम्झबरीच्या मठाचा आश्रय घेतला. तेथे तिची मावशी मेरी ही मठवासिनी होती. परंतु मठाच्या भिंती राजाला अडवू शकल्या नाहीत. दुसरा एडवर्ड सप्टेंबरपासूनच तिला पत्रे पाठवून रॉजर डॅमरी याच्याशी विवाह करण्याचा आग्रह धरू लागला होता. डॅमरी हा ऑक्सफर्डशरमधील साधा नाइट. बॅनकबर्नच्या लढाईनंतर तो राजाच्या मर्जीत वेगाने चढला होता. राजाने भाचीला लिहिलेल्या या पत्राची भाषा प्रेमळ आहे. त्यातील आशय मात्र स्पष्ट आहे : आम्ही सांगू त्याच्याशी विवाह कर. २१ मार्च १३१७ रोजी एलिझाबेथला मुलगी झाली. राणी इझाबेला ही तिची धर्ममाता झाली आणि तिच्यावरून मुलीचे नाव इझाबेला ठेवले गेले. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच तिचा डॅमरीशी विवाह लागला. एप्रिलच्या अखेरीस मार्गारेटचे लग्न ह्यू ऑडली या दुसऱ्या मर्जीतल्या माणसाशी लावून देण्यात आले होते. आता तिन्ही मेहुणे राजाच्या विश्वासातले झाले आणि इतके दिवस रखडलेली वाटणी नोव्हेंबर १३१७ मध्ये झाली. मॉडचा गर्भधारणेचा दावाही त्याबरोबर निकालात निघाला. तिचा डॉवरचा हिस्सा ती १३२० मध्ये मरण पावल्यावर तिघींत पुन्हा वाटण्यात आला.

एलिझाबेथच्या वाट्याला सफकमधील क्लेअर, एसेक्समधील ग्रेट बार्डफील्ड, नॉरफॉकमधील वॉल्सिंगम, डॉर्सेटमधील काही गावे आणि वेल्सच्या सीमेवरील अस्क व कार्लियन हे प्रदेश आले. एलिनॉरला ग्लॅमॉर्गन हा सर्वांत मौल्यवान भाग मिळाला, तर मार्गारेटला न्यूपोर्ट व केंटमधील टनब्रिज. वाटणी कायद्याप्रमाणे समान होती, पण ह्यू डिस्पेन्सरचे तिने समाधान झाले नाही. दक्षिण वेल्समधील क्लेअर घराण्याचा सगळा मुलूख पुन्हा एका हाती, म्हणजे आपल्या हाती आणावा असा त्याचा बेत होता. प्रथम त्याने ऑडलीकडून न्यूपोर्ट बळकावले. पुढे गावरच्या प्रदेशावर हात घालताच सीमेवरील सगळे सरदार बिथरले. १३२१ मध्ये त्यांनी डिस्पेन्सरच्या मुलखाची नासधूस केली व त्याला हद्दपार करण्यास राजाला भाग पाडले. डॅमरी या बंडात सामील होता. राजाने त्याला मोठे केले होते, परंतु राजाच्या मर्जीत डिस्पेन्सर पुढे गेल्यावर त्याला तेथे जागा उरली नव्हती.

हद्दपारी काही महिनेच टिकली. राजाने हिवाळ्यात सैन्य उभे केले आणि जानेवारी १३२२ मध्ये अस्कच्या किल्ल्यात एलिझाबेथ पकडली गेली. तिला मुलांसह लंडनजवळच्या बार्किंग मठात नजरकैदेत ठेवण्यात आले. या मुलांत डॅमरीपासून झालेली एलिझाबेथ ही लहान मुलगीही होती. स्वतः डॅमरी आजारी अवस्थेत टट्बरी येथे राजाच्या सैन्याच्या हाती लागला. त्याला देशद्रोही म्हणून मृत्युदंड सांगण्यात आला. मात्र राजाचे त्याच्यावर प्रेम होते व राजाची भाची त्याला दिली होती या कारणास्तव अंमलबजावणी थांबविण्यात आली. तो १२ मार्चच्या सुमारास तेथेच मरण पावला. चारच दिवसांनी बरब्रिज येथे बंडखोरांचा पराभव झाला. मार्गारेटला सेंप्रिंगम येथील मठात बंदिस्त करण्यात आले व तिचा पती ऑडली तुरुंगात गेला. तिघी बहिणींपैकी एकटी एलिनॉर दरबारात होती. तिचा पती आता राज्याचा खरा कारभारी झाला होता.

यानंतरची चार वर्षे एलिझाबेथच्या आयुष्यातील सर्वांत कठीण होत. कायद्याने पाहता बंडखोर पतीच्या गुन्ह्यासाठी पत्नीचा स्वतःचा वारसा जप्त होत नसे. पतीच्या मृत्यूनंतर तो तिला परत मिळावयास हवा. डिस्पेन्सरने नेमका हाच हक्क सौद्यासाठी वापरला. अस्कचा मुलूख आपल्याला दे आणि त्याऐवजी गावर घे, नाहीतर कोणतीच जमीन परत मिळणार नाही, असे तिला सांगण्यात आले. गावरचे उत्पन्न अस्कपेक्षा पुष्कळच कमी होते. त्या वर्षीच्या नाताळात राजाने तिला यॉर्कला बोलावले. तेथे तिला तिच्या सल्लागारांपासून अलग करण्यात आले. राजाच्या परवानगीवाचून विवाह करणार नाही व जमीन कोणाला देणार नाही, अशा कागदावर मोहोर उठविण्याची सक्ती तिच्यावर झाली. ती न सांगता निघून गेली. पण जमिनी पुन्हा जप्त होताच तिला अखेर मोहोर उठवावी लागली. एवढ्यावर हे प्रकरण संपले नाही. गावर प्रदेशावर विल्यम द ब्रूझ याचा जुना दावा होता. डिस्पेन्सरने त्याला पुढे करून तो मुलूख १३२४ मध्ये तिच्याकडून न्यायालयामार्फत काढून घेवविला आणि ब्रूझकडून तो स्वतःच्या घशात घातला. अस्क गेले होतेच. त्याच्या बदल्यात मिळालेले गावरही गेले. कायद्याच्या प्रत्येक पायरीवर कागद चोख होता, हे या लुटीचे वैशिष्ट्य होय.

मे १३२६ मध्ये, डिस्पेन्सरची सत्ता कळसाला असताना, एलिझाबेथने क्लेअर येथे या सर्व प्रकारांविरुद्ध एक निषेधलेख गुप्तपणे तयार करवून घेतला. आपल्याला कसे पकडले, काय धमक्या दिल्या, कोणकोणत्या कागदांवर बळजबरीने मोहोर उठवून घेतली, याची क्रमवार हकीकत तीत आहे. आपण उघड बोलू शकत नाही, कारण राजाच्या कोपाची व डिस्पेन्सरच्या सामर्थ्याची भीती वाटते, असे ती स्पष्ट सांगते. कायद्याच्या दृष्टीने या लेखाचा हेतू मर्यादित होता : आपण बळजबरीखाली सह्या केल्या आणि हक्क सोडलेला नाही, याचा पुरावा पुढील काळासाठी राखून ठेवणे. तथापि इंग्लंडच्या इतिहासात त्याचे मोल याहून मोठे आहे. दुसऱ्या एडवर्डच्या अखेरच्या वर्षांतील दडपशाहीविषयी बखरकार लिहितात ते ऐकीव असते किंवा मागाहून रंगविलेले असते. येथे ज्या व्यक्तीवर अन्याय झाला तिचेच, घटना ताज्या असतानाचे निवेदन मिळते. जी. ए. होम्स यांनी १९५५ मध्ये हा लेख प्रसिद्ध केल्यापासून त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांना तो टाळता आलेला नाही.

लेख तयार झाल्यावर चार महिन्यांतच राणी इझाबेला व रॉजर मोर्टिमर सैन्यासह इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. २४ नोव्हेंबर १३२६ रोजी डिस्पेन्सरला हरफर्ड येथे फाशी दिले गेले आणि जानेवारी १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्डला पदच्युत करण्यात आले. एलिझाबेथला अस्क परत मिळाले. तिच्या बहिणींच्या नशिबी मात्र अजून बरेच काही होते. विधवा एलिनॉरला तुरुंगवास घडला आणि पुढे १३२९ मध्ये विल्यम ला झूश याने तिला पळवून नेऊन तिच्याशी विवाह केला. मार्गारेटची मुलगी १३३६ मध्ये राल्फ स्टॅफर्डने पळवून नेली. एका घराण्यात वीस वर्षांच्या अवधीत असे तीन प्रसंग घडावेत, यावरून मोठ्या वारसदार स्त्रीवर विवाहाच्या बाजारात किती डोळे असत याची कल्पना येते.

एलिझाबेथने पुन्हा विवाह केला नाही. या निर्णयाचा आर्थिक पाया तिच्या तीन विवाहांनीच घातला होता. स्वतःच्या वारसाहक्काच्या तिसऱ्या हिश्श्यावर पहिल्या पतीकडील आयर्लंडमधील जमिनी, व्हर्डनच्या जमिनींतील डॉवर आणि डॅमरीबरोबर संयुक्त नावावर मिळालेल्या जमिनी अशी भर पडत गेली होती. एकेका अल्पायुषी संसाराने मालमत्तेचा एकेक थर मागे ठेवला आणि चौथा पती नसल्यामुळे तो सर्व तिच्या एकटीच्या हातात राहिला. तिचे वार्षिक उत्पन्न अडीच ते तीन हजार पौंडांच्या घरात होते. अनेक अर्लांना एवढे उत्पन्न नव्हते. कागदोपत्री ती पहिल्या पतीचे ‘द बर्ग’ हे नाव लावी व ‘लेडी ऑफ क्लेअर’ असा स्वतःचा उल्लेख करी. नंतरच्या दोन पतींची नावे तिने कायम ठेवली नाहीत. १३४३ मध्ये तिने आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतली. अशी शपथ घेतलेली स्त्री मठात जात नसे, संसारातच राही. धार्मिक भावनेबरोबरच विवाहाचा विषय कायमचा बंद करण्याचा हा एक प्रतिष्ठित मार्ग होता. त्या वेळी ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

तिच्या कारभाराचे चित्र हिशेबांच्या गुंडाळ्यांतून उभे राहते. क्लेअरचा किल्ला, ग्रेट बार्डफील्ड, केंब्रिजशरमधील अँग्लसी व अस्क येथे तिचे आलटून पालटून वास्तव्य असे. कोठी, मद्यघर, मुदपाकखाना, कोंबड्या व पक्षी, दिवाणखाना, खाजगी दालन, तबेला अशा विभागांनुसार रोजचा खर्च लिहिला जाई आणि कोणत्या दिवशी कोण पाहुणे आले याचीही नोंद होई. जमिनीच्या देखरेखीसाठी कारभारी, वसुली अधिकारी व हिशेबतपासनीस होते, आणि त्यांच्यावर सल्लागार मंडळ होते. या मंडळाच्या बैठकीत ती स्वतः निर्णय देई. १३४३ च्या यादीप्रमाणे नाइटांपासून मोलकऱ्यांपर्यंत दोनशेंहून अधिक माणसांना तिच्याकडून वार्षिक वस्त्रे मिळत. तिच्या पदरी सोनार होते. सणावारी शेकडो गरिबांना जेवण घातले जाई. तिसरा एडवर्ड हा तिचा मामेभाऊ. तो व त्याचा परिवार तिच्याकडे पाहुणचाराला येत असे. पेम्ब्रोकची काउंटेस मारी द सँ पॉल ही तिची जिवलग मैत्रीण होती. तीही दीर्घकाळ विधवा होती आणि १३४७ मध्ये तिने केंब्रिजमधील पेम्ब्रोक कॉलेजची स्थापना केली.

एलिझाबेथचे स्वतःचे शैक्षणिक कार्य काहीसे आडवळणाने सुरू झाले. १३२६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचा तत्कालीन कुलपती रिचर्ड द बॅड्यू याने ‘युनिव्हर्सिटी हॉल’ ही संस्था काढली होती, पण तिला पुरेसे उत्पन्न नव्हते. एलिझाबेथने १३३६ पासून तिला चर्चच्या उत्पन्नांची देणगी देण्यास प्रारंभ केला. दहा वर्षांनी बॅड्यूने आपले सर्व हक्क तिच्याकडे सोपविले आणि संस्थेचे नाव ‘क्लेअर हॉल’ झाले. पीटरहाउसनंतरचे हे केंब्रिजमधील सर्वांत जुने विद्यमान कॉलेज होय. १३५९ मध्ये तिने संस्थेला नियमावली करून दिली. तीत प्रमुखासह वीस अध्यापक–अभ्यासकांची व दहा गरीब मुलांची तरतूद असून या मुलांना गायन, व्याकरण व तर्कशास्त्र शिकवावे असे म्हटले आहे. प्लेगने विद्वान माणसे मोठ्या संख्येने ओढून नेली, त्यांची जागा भरून निघाली पाहिजे, हा विचार नियमावलीच्या प्रास्ताविकात आला आहे. १३४८–४९ च्या साथीने इंग्लंडची लोकसंख्या एक तृतीयांशाहून अधिक घटली, असे मानले जाते. तिची मुलगी इझाबेला ही १३४९ मध्येच मरण पावली होती. कॉलेजच्या चिन्हात क्लेअर व द बर्ग या घराण्यांची चिन्हे शेजारीशेजारी असून त्यांभोवती काळ्या पट्टीवर थेंब काढलेले आहेत. तीन पतींसाठी ढाळलेले हे अश्रू असल्याचे परंपरेने मानले जाते. द बर्ग सोडता इतर दोन पतींची चिन्हे त्यात नाहीत, ही गोष्ट मात्र या परंपरेशी फारशी जुळत नाही.

तिच्या धार्मिक देणग्याही विपुल आहेत. आई जोनचे दफन जेथे झाले त्या क्लेअरच्या ऑगस्टिनियन मठाला तिने मदत केली. १३४७ मध्ये वॉल्सिंगम येथे तिने फ्रान्सिस्कन साधूंसाठी मठ स्थापला. वॉल्सिंगम हे मेरीमातेचे प्रसिद्ध यात्रास्थान होते आणि तेथील जुन्या मठाने आपल्या यात्रेकरूंत व दक्षिणेत वाटेकरी येणार म्हणून तिच्याकडे विरोधाचा अर्ज केला. तिने तो मानला नाही. लंडनमध्ये ऑल्डगेटबाहेर मिनोरेस म्हणजे फ्रान्सिस्कन पंथाच्या मठवासिनींचा मठ होता. त्याच्या आवारात तिने १३५२ मध्ये स्वतःसाठी घर बांधविले व अखेरच्या काळात ती तेथे बरीच राहिली.

मृत्युपत्र तिने २५ सप्टेंबर १३५५ रोजी फ्रेंच भाषेत केले. त्यात जॉन द बर्ग, थीओबॉल्ड द व्हर्डन व रॉजर डॅमरी या तिघांच्याही आत्म्यांसाठी प्रार्थना करविण्याची व्यवस्था आहे. राजाने गळ्यात बांधलेल्या पतीलाही तिने वगळले नाही. नोकरचाकरांना नावानिशी रकमा व वस्तू ठेवल्या आहेत. क्लेअर हॉलला पैसे, भांडी, पूजेची वस्त्रे व ग्रंथ दिले आहेत, आणि धर्मभूमीकडे मोहीम निघाल्यास तिच्यासाठी सशस्त्र शिपाई देण्याचीही तरतूद आहे. ती ४ नोव्हेंबर १३६० रोजी वारली व ऑल्डगेटबाहेरील त्याच मठात तिचे दफन झाले.

तिचा मुलगा विल्यम हा आजोबांनंतर अल्स्टरचा अर्ल झाला होता. परंतु १३३३ मध्ये कॅरिकफर्गसजवळ त्याच्याच माणसांनी त्याचा खून केला. या खुनाने आयर्लंडमधील इंग्रजी सत्तेला मोठा हादरा बसला व एलिझाबेथचे तेथील उत्पन्न पुढे घटत गेले. विल्यमच्या मागे एक तान्ही मुलगी होती. तिचेही नाव एलिझाबेथ. तिच्या विवाहात आजीच्या वेळचीच कथा पुन्हा घडली : १३४२ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ती तिसऱ्या एडवर्डचा मुलगा लायोनेल याला देण्यात आली, नवरदेव तिच्याहून लहान होता. या नातीच्या घरखर्चाच्या १३५७ मधील हिशेबाची काही पाने टिकली आहेत. त्यांत कपडे मिळालेल्या एका पोरसवदा सेवकाचे नाव जेफ्री चॉसर असे आहे. इंग्रजीतील या महाकवीचा लेखी स्वरूपातील हा सर्वांत जुना उल्लेख समजला जातो. आजीच्या मृत्यूनंतर क्लेअरची जहागीर नातीकडे आली व १३६२ मध्ये लायोनेलला क्लेअर या गावाच्या नावावरूनच ‘ड्यूक ऑफ क्लॅरेन्स’ हा किताब मिळाला. त्यांची एकुलती मुलगी फिलिपा मोर्टिमर घराण्यात दिली गेली. फिलिपाच्या वंशातून यॉर्क घराण्याने गुलाबांच्या युद्धांत सिंहासनावर हक्क सांगितला, आणि १४६१ मध्ये चौथा एडवर्ड राजा झाला तेव्हा बॅनकबर्ननंतर धाकट्या बहिणीच्या वाट्याला आलेला तो तिसरा हिस्सा इंग्लंडच्या राजमुकुटात विलीन झाला.

एलिझाबेथवर स्वतंत्र ग्रंथलेखन मात्र बऱ्याच उशिरा सुरू झाले. फ्रान्सिस अंडरहिल यांचे तिच्यावरील चरित्र १९९९ मध्ये आणि जेनिफर वॉर्ड यांनी संपादिलेले तिच्या घरखर्चाचे व इतर कागदांचे निवडक दप्तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ हिशेब लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.